छप्पन दुकानचा जॉनी हॉट डॉग: काय मागावं, कसं खावं, काय टाळावं

उज्जैन-ओंकारेश्वर करायला निघालेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या वाट्याला इंदूर एका मुक्कामापुरतंच येतं. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी राजवाडा, रात्री सराफा बाजारातला खाऊ, आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. सराफा चुकवू नये हे खरंच, पण सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्याशिवाय तो सुरू होत नाही आणि रात्री नऊ-दहाशिवाय रंगात येत नाही. त्याआधीची संध्याकाळ बहुतेक जण हॉटेलच्या खोलीत घालवतात. ती घालवू नका. न्यू पलासियातल्या छप्पन दुकान या खाऊच्या गाळ्यांच्या ओळीवर जा आणि जॉनी हॉट डॉगच्या तव्यासमोर उभे राहा. दुकान छोटं आहे, पदार्थांची यादी त्याहून छोटी. पण पावात काहीतरी घालून खायचे जेवढे प्रकार या शहरात मिळतात, त्यांत इतकं नेमकं काम दुसरीकडे होत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

आधी अपेक्षा जुळवून घेऊ, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांची निराशा होते ती इथेच. लांबट पाव, त्यात सॉसेज, वर मोहरीचा सॉस, असलं इथे काही नाही. मुंबईच्या सँडविचसारखे काकडी-टोमॅटो-बीटचे थरही नाहीत. मेयोनीज नाही, चीजचा डोंगर नाही. तळहातावर मावेल असा गोल मऊ बन आडवा कापायचा, तुपावर शेकायचा, आत बटाट्याची चपटी टिकिया ठेवायची, कांदा आणि हिरवी चटणी घालायची, संपलं. बटाट्याऐवजी अंडं घातलं की एग बेंजो. मटणाचाही मिळतो. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक याच तीन गोष्टींसाठी येतं.

महाराष्ट्रातून येणारा माणूस नकळत याची तुलना वडापावाशी करतो. दोन्हींत बटाटा आणि पाव आहे एवढंच साम्य. वडापावात कुरकुरीतपणा असतो तो बेसनाच्या आवरणाला. पाव मऊ आणि कोरडा, तो फक्त धरायला. इथे उलट आहे. टिकियेला बेसनाचं आवरण नसतं, ती आतून मऊ राहते आणि खरपूसपणा येतो तो पावाच्या कापलेल्या बाजूला. म्हणजे या पदार्थाची सगळी परीक्षा पाव कसा शेकलाय यात आहे. बटाट्यात मसाला थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं, पाव कच्चा राहिला तर उरतो तो नुसता बटाटा-पाव.

पाव चांगला शेकला जातो याला कारण तूप. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण घरी करणारे नेमके इथेच चुकतात. बाजारातल्या बटरमध्ये सुमारे १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, शिवाय दुधाचे घन कण आणि मीठ. तव्यावर बटर पडलं की आधी ते पाणी उकळतं, म्हणजे पाव सुरुवातीला शेकला न जाता वाफारतो. पाणी उडेपर्यंत दुधाचे कण काळे पडू लागतात आणि कडवट चव येते. तुपात पाणी जवळपास नसतंच, अर्ध्या टक्क्याच्या आत. घन कण कढवतानाच बेरी म्हणून निघून गेलेले असतात. त्यामुळे तूप २०० अंशांच्या पुढेही न जळता तापतं, पाव ठेवल्या क्षणापासून शेकू लागतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात वरचा पातळ थर सोनेरी, कडक होतो. त्या थराखालचा पाव मात्र मऊच राहतो, कारण एवढ्या कमी वेळात त्यातली ओल उडत नाही. हा कडक थर दुसरंही एक काम करतो. चटणीचं पाणी तो काही मिनिटं आत शिरू देत नाही.

काही मिनिटं, जास्त नाही. म्हणून पहिला नियम: हातात आला की लगेच खायचा. फोटो काढायचा असेल तर तव्याचा काढा, तिथे तूप आणि पाव दोन्ही छान दिसतात. गरम टिकियेतून वाफ निघत राहते, ती दोन पावांच्या मध्ये अडकते आणि कडक झालेली बाजू पुन्हा ओली करते. पाच मिनिटांत फरक जाणवतो, दहा मिनिटांत पदार्थ बदललेला असतो. चौघांनी मिळून आठ मागवायचे आणि सगळे एकदम घेऊन बाकावर जाऊन बसायचं, हा बेत म्हणूनच वाईट. आधी चार घ्या, उभ्या-उभ्या संपवा, मग पुढचे चार सांगा. दुसऱ्या खेपेसाठी पुन्हा रांगेत थांबावं लागलं तरी ते परवडतं.

काय मागावं? अंडं खात असाल तर सुरुवात एग बेंजोने करा. नाव मोठं आहे ते वेज हॉट डॉगचं, पण आमच्या मते खाण्याच्या दृष्टीने बेंजो सरस. कारण साधं आहे. बटाट्याची टिकिया जाड असते, उष्णता आणि वाफ धरून ठेवते आणि ती पावाला देत राहते. अंड्याचं ऑम्लेट पातळ असतं. ते पावाच्या आकारात दुमडलं की दोन्ही बाजूंनी पावाला सपाट टेकतं, थोडी वाफ सोडतं आणि निवतं. म्हणून बेंजोचा पाव जास्त वेळ टिकतो आणि प्रत्येक घासात पाव-अंडं-तूप असा सारखा हिशेब लागतो. कांदा-मिरचीचा तिखटपणा अंड्यात मुरलेला असल्याने चटणी कमी लागते. असा अंडा-पाव फौजेत फार जुना. ब्रिटिश सैन्यात आणि पुढे आपल्याही सैन्यात तो ‘एग बँजो’ म्हणून प्रसिद्ध आहे. महूची लष्करी छावणी इथून पंचवीसेक किलोमीटरवर, १८१८ पासूनची. अशा शहरात हा प्रकार रस्त्यावर रुजला यात नवल वाटायला नको.

वेज हॉट डॉग दुसरा घ्या. त्याची खरी बाजू म्हणजे बटाटा. माळव्याचा बटाटा चिप्स करणाऱ्या कारखान्यांत पसंत केला जातो, कारण त्यात पाणी आणि साखर कमी, घन भाग जास्त. चिप्सला जे गुण लागतात तेच टिकियेलाही. पाणी कमी म्हणून टिकिया सैल पडत नाही. साखर कमी म्हणून तव्यावर आतलं शिजण्याआधी बाहेरचं काळं होत नाही. शिवाय पिष्ट भरपूर असल्याने घास तोंडात विरघळल्यासारखा मोकळा होतो, चिकट लागत नाही. एखाद्या पदार्थाची चव गावाबाहेर का जमत नाही याची उत्तरं पुष्कळदा स्वयंपाक्याच्या हाताबाहेर, शेतातच असतात.

मटण खाणाऱ्यांनी मटणाचा शेवटी घ्यावा. आधी घेतला तर त्याच्या मसाल्यापुढे अंडं फिकं वाटतं आणि बेंजोवर अन्याय होतो. एका माणसाला दोन पुरतात, भूक असेल तर तीन. एवढं खाऊनही खिशाला झळ बसत नाही. या दुकानाचं गिऱ्हाईक पहिल्यापासून कॉलेजची मुलं, आणि दर त्यांना परवडतील असेच राहिले आहेत.

दुकान १९७०च्या दशकाच्या अखेरचं. मालकांना सगळं गाव ‘दादू’ म्हणतं. २०१९ साली घरपोच खाणं पोचवणाऱ्या उबर ईट्सने आशिया-पॅसिफिक भागात सर्वाधिक मागवल्या गेलेल्या पदार्थांत इथल्या वेज हॉट डॉगचा हाँगकाँगमध्ये गौरव केला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत नाव झळकलं. (पुढच्याच जानेवारीत उबर ईट्सचा भारतातला व्यवसाय झोमॅटोने घेतला.) त्या बातम्यांत आकड्यांवर भर होता. आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तीनच पदार्थ असलेल्या दुकानात माल पडून राहत नाही. बन सतत येत राहतात, टिकिया तव्यावर पडते आणि काही मिनिटांत हातात जाते, तवा दिवसभर एकाच तापमानात राहतो. पन्नास पदार्थांच्या हॉटेलात हेच सँडविच मागवलं, तर त्यासाठी तवा नव्याने तापवावा लागतो, पाव सकाळचा असतो आणि टिकिया फ्रिजमधून येते. चवीतला फरक बराचसा इथून येतो.

आता जायचं कसं आणि कधी. छप्पन दुकान म्हणजे खाण्याच्या छप्पन गाळ्यांची ओळ, पलासिया चौकाजवळ. रेल्वे स्टेशन आणि सरवटे बसस्थानकापासून अंतर तीन किलोमीटरच्या आसपास, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. राजवाड्याकडून येत असाल तर सरळ एमजी रोडने रीगल चौकावरून पूर्वेकडे. रिक्षावाल्याला ‘छप्पन’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. २०२० साली या ओळीचं नूतनीकरण झालं, तेही छप्पन दिवसांत. तेव्हापासून समोरचा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. बसायला बाक आहेत, झाडं आहेत, म्हातारी माणसं आणि लहान मुलं निर्धास्त वावरू शकतात. स्वतःची गाडी असेल तर ती आधीच बाजूच्या रस्त्यावर लावावी लागते आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे जागा मिळवण्यात हॉट डॉग खाण्यापेक्षा जास्त वेळ जातो. त्या दोन दिवशी रिक्षा करा.

वेळेबाबत आमचा सल्ला दुपारी चार ते साडेपाच. सकाळी या ओळीवर सगळ्यांचं लक्ष पोह्यांकडे असतं, आणि इंदूरला येऊन सकाळी पोहे सोडून दुसरं काही खावं असं आम्हालाही सांगवणार नाही. दुपारची जेवणं झाली की गर्दी ओसरते. सहानंतर कॉलेजची मुलं, कचेऱ्या सुटलेली माणसं आणि पार्सलवाले असे तिन्ही लोंढे एकदम येतात. गर्दीच्या वेळी तव्यावर एकाच वेळी बरेच बन असतात, त्यामुळे एखादा कडेचा बन कमी शेकला जाण्याची शक्यता कुठल्याही तव्यावर वाढते. त्यावर उपाय म्हणजे मागतानाच सांगणं: ‘भिया, बन ज़रा कड़क.’ इंदुरात ‘भिया’ म्हणण्यात आपुलकी आहे, कुणाला राग येत नाही.

१४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मस्थानाच्या दर्शनासाठी महूला महाराष्ट्रातून फार मोठ्या संख्येने लोक येतात आणि त्यातले बरेच इंदुरात उतरतात. त्या आठवड्यात स्टेशन ते पलासिया सगळीकडे गर्दी असते, तेव्हा दुपारी लवकर जाणं बरं. एप्रिल-मेच्या उन्हात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तव्यासमोर उभं राहणं नको वाटतं. या पदार्थाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माळव्यातली थंडी, हातात गरम पाव, आणि त्याच दिवसांत सराफ्यात मिळणारा गराडू (तळलेला मसालेदार कंद) असा योग जुळला तर दुसरं काही नको.

शाकाहारी मंडळींसाठी एक स्पष्ट गोष्ट. या दुकानात अंडं आणि मटणही होतं. घरातल्या आजी किंवा आत्या अंड्याच्या तव्यावरचं चालवून घेत नसतील, तर मागण्याआधी तवा वेगळा आहे का ते विचारा, आणि मनात किंतु राहत असेल तर त्यांना इथे आग्रह करू नका. त्याच ओळीत विजय चाट हाउसचे खोपरा पॅटीस मिळतात. बटाट्याच्या आवरणात ओल्या नारळाचं सारण, अख्खं तळून, सोबत गोड आणि तिखट चटणी. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगरकडच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की अशीच वाटणी होते. तरुण मंडळी जॉनीकडे, वडीलधारी खोपरा पॅटीसकडे, आणि मग सगळे शिकंजीला एकत्र.

ती शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत समजू नका. इंदूरची शिकंजी दुधाची असते. आटवलेलं दूध, त्यात मठ्ठ्याची किंचित आंबट छटा, केशर, वेलची, सुकामेवा; घट्ट आणि थंड. छप्पनवर मधुरमची प्रसिद्ध आहे. हॉट डॉगच्या तिखटानंतर ती छान लागते, आधी मात्र घेऊ नका. दाट दुधाची साय जिभेवर बसते आणि मग तुपातला खरपूसपणा कळतच नाही. एक ग्लास दोघांत पुरतो, विशेषतः रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि दहीवडा खायचा असेल तर.

खाऊन झालं की कागदी प्लेट सुक्या कचऱ्यात, उरलेलं अन्न ओल्या कचऱ्यात. हे शहर २०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात सतत पहिलं आलं ते गावकऱ्यांच्या या सवयीवर. पाहुण्यांकडूनही तीच अपेक्षा असते आणि चुकलात तर कुणीतरी नम्रपणे डबा दाखवतंच.

पार्सल. यावर थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण परतीच्या गाडीसाठी डझनभर बांधून घेणारे पाहुणे दर हंगामात दिसतात. अवंतिका एक्सप्रेस मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. तोवर त्या पावाचं काही शिल्लक राहत नाही. बंद डब्यात वाफेचं पाणी होतं, झाकणावरून ते खाली टपकतं, कांदा मिठामुळे पाणी सोडतो, चटणी खाली उतरते. तूप निवून गोठतं आणि टाळूला चिकटतं. चवीपेक्षाही मोठा प्रश्न प्रकृतीचा: शिजवलेलं अंडं किंवा उकडलेला बटाटा साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तासाभरातच संपवावा. गाडीसाठी न्यायचं तर शेव न्या, जीरावन या इंदुरी मसाल्याचा पुडा न्या. दोन्ही महिनाभर टिकतात.

हॉटेलवर किंवा नातेवाइकांकडे पंधरा-वीस मिनिटांत पोचणार असाल तर पार्सल चालतं, फक्त तीन गोष्टी सांगा. कांदा आणि चटणी वेगळी बांधायला सांगा. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारू देऊ नका. आणि डब्याचं झाकण एका कोपऱ्याने उघडं ठेवा. घरी पोचल्यावर मायक्रोवेव्हमध्ये ठेवलंत तर सगळं बिघडतं. मायक्रोवेव्ह बटाट्यातलं पाणी तापवून पावात ढकलतो, पाव आधी ओलसर आणि निवल्यावर चिवट होतो. त्याऐवजी पाव उघडा, टिकिया बाजूला काढा. मंद आचेवर कोरड्या तव्यात टिकिया दोन्ही बाजूंनी मिळून तीन-चार मिनिटं, पाव कापलेल्या बाजूवर मिनिटभर. तूप पुन्हा घालू नका, पावात आहे तेवढंच सुटून पुरतं. मग कांदा, चटणी, आणि लगेच खा. दुकानातल्यासारखं नाही, पण पुष्कळ जवळ जातं.

गावी परतल्यावर ज्यांना याची आठवण छळते त्यांच्यासाठी घरगुती कृती देतो. ही दुकानाची कृती नव्हे. इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरांत हात बसून तयार झालेली ही पद्धत आहे, आणि मापं सहा नगांची आहेत.

बटाटे ५०० ग्रॅम, जुने, कातडी जाड झालेले. नवे बटाटे नकोत, ते चिकट होतात. सालासकट उकडा, शिट्ट्यांची गर्दी करू नका. फुटलेल्या बटाट्यात पाणी शिरतं आणि मग टिकिया तव्यावर पसरते. सोलून पूर्ण गार होऊ द्या, जमलं तर तासभर फ्रिजमध्ये. गरम असताना कुस्करले, तर गोळा चिकट होतो. किसून घ्या, मिक्सर अजिबात नको. त्यात मीठ एक छोटा चमचा, तीन हिरव्या मिरच्या आणि इंचभर आलं ठेचून, अर्धा चमचा जिरं, मूठभर कोथिंबीर, आणि बांधणीला दोन-तीन मोठे चमचे पातळ पोह्यांची कोरडी पूड. पोह्यांची पूड जास्तीचं पाणी शोषते आणि कॉर्नफ्लोअरसारखी पिठूळ चव देत नाही. हळद घालू नका, घातली की वडापावाची भाजी वाटू लागते. पाऊणशे ते ऐंशी ग्रॅमचे गोळे करून दीड सेंटिमीटर जाडीच्या टिकिया थापा, व्यास बनापेक्षा किंचित मोठा ठेवा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. हा अर्धा तास वाचवू पाहणाऱ्यांच्या टिकिया उलटताना मोडतात.

चटणीला कोथिंबीर एक वाटी, पुदिना पाव वाटी, तीन-चार मिरच्या, अर्धं लिंबू, जिरं, काळं मीठ, आणि एक मोठा चमचा बारीक शेव किंवा डाळं. शेव वाटली गेली की चटणीला अंग येतं आणि तिचं पाणी सुटत नाही. सुटं पाणी म्हणजे ओला पाव. पाणी चमच्या-चमच्यानेच घाला. कांदा पातळ चिरून तसाच ठेवा, मीठ लावून ठेवू नका.

लोखंडी तवा मध्यम आचेवर चांगला तापवा. मोठा चमचाभर तूप, त्यावर टिकिया, आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. कड तांबूस दिसली आणि टिकिया तव्यावरून आपणहून सरकू लागली की उलटायची. ती चिकटली असेल तर अजून झालेली नाही, उचकटू नका. दुसरी बाजू तीन मिनिटं. तेवढ्यात टिकिया कडेला सरकवून मधल्या जागेत प्रत्येक बनाला अर्धा छोटा चमचा तूप टाका, बनाची कापलेली बाजू खाली ठेवून उलथन्याने हलकंच दाबा. पाऊण मिनिट पुरतं. बाहेरची बाजू शेकू नका, ती मऊच हवी, नाहीतर टाळू सोलतो. खालच्या पावावर चटणीचा पातळ थर, मग टिकिया, चिमूटभर जीरावन, कांदा, वरचा पाव. जीरावन म्हणजे जिरं, धने, बडीशेप, आमचूर, सुंठ, काळं मीठ, हिंग असा इंदुरी मसाला. तो नसेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड, आमचूर आणि काळं मीठ सारख्या भागांत मिसळा.

बेंजोला एका बनास एक अंडं. त्यात चमचाभर अगदी बारीक कांदा, अर्धी मिरची, मीठ. कांदा जाड चिरला तर पातळ ऑम्लेट दुमडताना तिथेच फाटतं. तुपावर अंडं ओतून बनाच्या दुप्पट रुंद पसरा, वरचा भाग जरा ओलसर असतानाच चारही कडा आत दुमडून बनाएवढा चौकोन करा, एकदा उलटा आणि लगेच शेकलेल्या बनात घाला. पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबलात तर दुमडत नाही, तुटतं.

आणि बन. पुण्या-मुंबईच्या सुपरमार्केटमधले बर्गर बन बहुतेक गोड असतात. साखरेमुळे ते तुपावर वीस सेकंदांतच काळपट होतात आणि कडक थर बनायच्या आत काढावे लागतात. तसेच बन मिळाले तर आच कमी करा. पण लादीपाव मिळत असेल तर तोच घ्या, आदल्या दिवशीचा. ताजा पाव फार ओलसर असतो, कापताना चुरतो आणि तूप स्पंजासारखं पितो. एक दिवस राहिलेला पाव नीट आडवा कापला जातो आणि तूप वरच्यावर धरतो.